चौदा नंबरचा नमुना

९ फेब्रुवारी

ताई,

फोनवर हे नीट बोलता येईना. तू नुसती "हं, हं" करत होतीस, मागे शिलाई मशीन चालू होतं, आणि तुझी भिंगरी शेजारच्या खोलीत आहे हे तुझ्या आवाजावरूनच कळत होतं. म्हणून लिहिते. सावकाश वाच आणि वाचल्या वाचल्या 'नको' म्हणू नकोस.

आमच्या प्रयोगशाळेत नवं काम सुरू झालंय. भिंगरीसारखा खाणं सुटण्याचा आजार असलेल्या मुलींच्या दंडावरून कातडीचा बारीकसा तुकडा घ्यायचा, टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा. त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि मग त्यांना मागे न्यायचं, बाळ पोटात आकार घेत असताना पेशी जशा असतात त्या अवस्थेपर्यंत. त्यांना स्टेम सेल म्हणतात, मूळपेशी. तिथून पुढे त्यांचं काहीही घडवता येतं. आम्ही मेंदूतल्या पेशी घडवणार. जिवंत माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही, पण त्याच माणसाच्या मेंदूपेशी काचेखाली बघता येतात. भावजी म्हणतात तसा हा नुसता हट्ट आहे, की पेशींच्या आपसातल्या बोलण्यातच काही वेगळं आहे, एवढं आम्हाला बघायचंय.

मला भिंगरीचा नमुना हवाय आणि तुझाही. तुझा निरोगी म्हणून, तुलनेला. मी नात्यातली असल्यामुळे संमती आणि फॉर्मचं काम आमची नर्स करेल. नमुने माझ्याकडे नुसत्या नंबरांनी येतील, कुठला कुणाचा ते मला कळणार नाही.

तू हो म्हणशील अशी खात्री आहे, कारण तू मला कधी नाही म्हटलेलंच नाहीस. बाबांचं काम सुटलं होतं त्या दोन वर्षांत तू ताटातलं अर्धं माझ्या ताटात सरकवायचीस आणि "मला भूक नाही गं" म्हणायचीस. मी शिकले ती त्या अर्ध्या ताटावर. त्यापुढे कातडीचा एक तुकडा म्हणजे काहीच नाही.

तुझी,
धाकटी


२७ फेब्रुवारी

धाकटे,

काल दोघी जाऊन नमुने देऊन आलो. तुमची नर्स हळुवार हाताची आहे. भिंगरीला तिने विचारलं, "दुखलं का?" तर ही म्हणते, "नाही. पण तेवढं वजन आता कमी धरा." नर्स हसली नाही. मी हसले, आणि मग घरी येईपर्यंत तिच्याकडे बघायचं टाळलं.

फॉर्म सहा पानी होता. कधी वजनाची धास्ती घेतली होती का, जेवण टाळत होता का, पाळी थांबली होती का, चक्कर. सगळ्या चौकोनांत 'नाही' लिहून सही ठोकली. माझ्यासारख्या चालत्याफिरत्या बाईला काय होणार आहे.

खरं सांगू, मला या सगळ्यातलं फार कळलं नाही. मी रंगमंचाचे कपडे शिवणारी बाई. आठवड्याला वीस-पंचवीस नटांची मापं घेते, कुणाची कंबर अर्ध्या बोटाने वाढली तरी माझ्या हाताला कळते. आणि घरातल्या पोरीची पँट तीनदा आत घेतली तरी मला वाटत राहिलं की कापड सैल पडलंय. तुझे भावजी म्हणतात, "चार दिवस काही देऊ नका, भूक लागली की मुकाट्याने खाईल." तिला नेमकं तेच हवंय, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

ती दिवसभर घरात चालत असते. दारापासून खिडकीपर्यंत. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून आपण भिंगरी नाव ठेवलं. आता ते नाव घ्यायला जीभ रेटत नाही.

औषध कधी निघेल ते कळव.

ताई


१७ ऑगस्ट

ताई,

औषधाचं आधी सांगते, म्हणजे तू आशेवर राहणार नाहीस. यातून भिंगरीसाठी आत्ता काही निघणार नाही. कदाचित पुढच्या मुलींसाठी निघेल, कदाचित त्यांच्यासाठीही नाही. आम्ही आजार बरा करत नाही आहोत, तो कुठून उठतो ते शोधतोय. तिच्यासाठी जे करायचं ते तिचे डॉक्टरच करतील. सोमवारची भेट चुकवू नका.

बाकी काम चांगलं चाललंय. सगळे नमुने मूळपेशींपर्यंत पोचले, एक सोडून, त्याला बुरशी लागली. आता त्यांच्या मेंदूपेशी होतायत. महिने लागतात. त्यांचं पोषक पाणी सारखं बदलावं लागतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मागच्या आठवड्यात भिंगरीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तिथे तरी मी वेळेवर जेवते." मी कामाचं निमित्त करून फोन ठेवला. तेव्हापासून रोज ड्रॉपर हातात घेतला की तिचं वाक्य आठवतं.

तिची तब्येत कशी आहे ते तू शेवटच्या दोन फोनमध्ये सांगितलं नाहीस.

धाकटी


३ नोव्हेंबर

धाकटे,

न सांगण्यासारखं होतं म्हणून सांगितलं नाही. दहा दिवस तिला दवाखान्यात ठेवलं होतं. छातीचे ठोके फार हळू पडत होते. आता घरी आहे. सोमवारी वजन करतात, आकडा जरा वर सरकलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू दे.

त्यांनी मला एकटीला बसवून विचारलं, घरात जेवताना कसं वातावरण असतं. मी म्हटलं, चांगलं असतं. काय सांगणार. मी रोज समोर उभं राहून तिला वाढते, ती घास मोजते आणि मी तिचे घास मोजते. टीव्ही चालू असतो.

तू कामात असशील. लगेच उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी लिहायला नको. तसा नियम आहे आणि मी तो मोडतेय. वाचून झालं की फाडून टाक.

गेल्या महिन्यात निकाल आले. आजारी मुलींच्या पेशींमध्ये काही जनुकं जास्त जागी दिसतात, आणि त्या पेशी एकमेकींना निरोपही जरा वेगळ्या पद्धतीने देतात. निरोगी बायकांच्या पेशींमध्ये तसं नाही. फक्त चौदा नंबरचा निरोगी नमुना प्रत्येक तपासणीत आजारी मुलींच्या घोळक्यात जाऊन बसतो. मी तीन वेळा सगळं पहिल्यापासून केलं. तिन्ही वेळा तेच.

आमच्या प्रमुखबाईंना वाटलं, माझ्याकडून डब्यांची अदलाबदल झाली. त्यांनी नोंदवही उघडली. चौदा नंबर तू आहेस. पंधरा भिंगरी. एकाच दिवशी आलेले, माझ्या घरचे, माझ्या हाताखालचे दोन नमुने. त्यांनी मला काम थांबवायला सांगितलं. मग दोन्ही पेशींची ओळख तपासली, तर अदलाबदल झालेलीच नव्हती. चौदा तूच आहेस.

त्या दिवशी त्यांनी मला दार लावून विचारलं, "तुमच्या बहिणीला पूर्वी हा आजार होता, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही लपवलंत, असं तर नाही ना?" मी तडकले. म्हटलं, माझी बहीण स्वतः उपाशी राहून मला भरवत होती, तिच्याबद्दल असलं बोलू नका.

बोलले खरी, पण बाहेर आल्यावर तेच निकाल पुन्हा उघडून बसले.

ताई, हे नीट समजून घे. एका नमुन्यावरून कुणाला आजार होता असं कुणीही म्हणू शकत नाही. नमुने मोजके आहेत, हा योगायोग असू शकतो. नर्स तुला रीतसर विचारायला फोन करणार आहे. मी त्यात पडायचं नाही असं बजावलंय. तरी विचारते, कारण मी तुझ्या नावावर पैज लावून बसलेय. त्या फॉर्मवर तू जे लिहिलंस ते सगळं खरं होतं ना?

धाकटी


२१ फेब्रुवारी

धाकटे,

फॉर्मवर लिहिलंय तेच खरं. नर्सचा फोन आला होता, तिलाही तेच सांगितलं. माझ्या कातडीतून तुम्हाला काय दिसलं ते तुमचं तुम्ही बघा. इथे माझी पोरगी जिना चढताना कठड्याला धरते आणि तुला चौकोनांची पडलीये. हा विषय पुन्हा काढू नकोस.

ताई


२८ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र आईने फाडलं नाही. कापडाच्या तुकड्यांची वही असते ना तिची, त्यात ठेवलं होतं. मी वाचलं. चोरून वाचलं, त्याबद्दल माफी मागणार नाही.

ती तुला नाही म्हणाली असणार. ती सगळ्यांना नाहीच म्हणते. पण तू कधी आईला जेवताना पाहिलंयस का? नीट आठव. ती आम्हाला वाढते, उभी राहते, "तुम्ही बसा, मी मागाहून बसते" म्हणते. मागाहून ती ओटा पुसते. बाबांना वाटतं, बायको कष्टाळू आहे. शेजारणींना वाटतं, काय घराला वाहून घेतलंय. मला सातवीत असतानाच कळलं होतं की काहीतरी आहे, फक्त त्याला नाव नव्हतं. आता मला नाव माहीत आहे. आम्हाला एकमेकी ओळखू येतात, मावशी. वॉर्डमध्ये नवी मुलगी आली की ती पाण्याचा पेला कसा धरते त्यावरून कळतं.

मला वाटायचं, या घरात बिघडलेली मी एकटीच. चांगल्या घरात एक नासकी निपजली.

मला एवढंच सांग, काचेखाली आम्ही दोघी खरंच सारख्या दिसतो का? आईला विचारायची हिंमत होत नाही. ती माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणाली तर त्यानंतर तिचं काहीच मला खरं वाटणार नाही.

आणि एक. सोमवारचा वजनाचा आकडा खरा नाही. कसं ते लिहीत नाही. परवा जिन्यात दोनदा बसावं लागलं आणि डोळ्यांपुढे काळं आलं. हे आईला सांगू नकोस. तुझ्यावर विश्वास ठेवून लिहितेय.

तू जर उत्तर टाळलंस, तर माझा नमुना तुमच्या कामातून काढून टाका. तसा हक्क मला आहे, फॉर्मच्या शेवटच्या पानावर लिहिलंय.

भिंगरी


४ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. दहा मिनिटांत मी तुझ्या आईला फोन केला आणि वजनाचं आणि जिन्यातलं सांगितलं. तेवढंच सांगितलं, तुझ्या पत्रातलं बाकी काही नाही. हे पत्र तुझ्या हाती येईल तेव्हा तू बहुतेक दवाखान्यात असशील आणि माझं नावही घ्यावंसं वाटत नसेल. तू विश्वास ठेवलास आणि मी तो मोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर टाळत नाही. होय, दोन्ही नमुने सारखे दिसतात. त्याचा अर्थ काय, ते मला माहीत नाही, आणि जो कोणी माहीत आहे म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण तू नासकी नाहीस. आमच्याकडे तुझ्यासारख्या मुलींचे अकरा नमुने आहेत. मी त्यांच्याकडे वर्षभर रोज बघितलंय. त्यात नासकं काही नाही.

नमुना काढायचा असेल तर नर्सला कळव. कुणी अडवणार नाही.

मावशी


११ मार्च

धाकटे,

तुझा फोन आला तेव्हा मी एका नटाच्या कोटाला बाही लावत होते. टाचण्या तोंडात होत्या. त्या थुंकून तशीच घरी धावले. ती न्हाणीघराच्या दाराशी बसलेली होती, जागी होती पण उठता येत नव्हतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा ठोके इतके कमी होते की डॉक्टरीणबाई आमच्याशी न बोलता आधी तिला आत घेऊन गेल्या. दोन दिवस तारा लावून ठेवलं. आता धोका टळलाय असं म्हणतात.

पुढचं तुला लिहायला मला पाच दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या आणि आम्हा दोघांना विचारलं, "घरात याआधी कुणाला असा त्रास होता? मावशी, आजी, कुणीही." तुझे भावजी म्हणाले, "छे, आमच्यात असलं काही नाही." भिंगरी छताकडे बघत होती. मी तिच्या मनगटाकडे बघत होते. नर्सने लावलेला पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही सैल होता. तो आत घ्यायला हवा, असं माझ्या मनात आलं, आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून निघालं, "मला होता."

तुझे भावजी हसले. त्यांना वाटलं, मी पोरीला धीर द्यायला बोलतेय. मी म्हटलं, "हसू नका. चौदाव्या वर्षापासून. पाच वर्षं पाळी नव्हती. पहिल्या नोकरीत कापायच्या टेबलावर चक्कर येऊन पडले, कात्री हातात होती, ती खूण तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सांगितलं होतं, मशीनचं लागलं म्हणून. ही पोटात राहिली तेव्हा खायला लागले, तिच्यासाठी. ती झाल्यावर पुन्हा तसंच. पूर्ण गेलं कधीच नाही."

भिंगरीने मान वळवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती.

"का नाही सांगितलंस?"

"तुला दिसू नये म्हणून."

"मला दिसतच होतं, आई."

धाकटे, आता तुझं. बाबांचं काम सुटलं त्या दोन वर्षांत घरात ओढाताण होती, पण उपास पडत नव्हते. आई दोघींना पुरेल एवढं वाढायची. मला ते नको असायचं. ताटातलं कुठेतरी जायला हवं होतं आणि तू शेजारी बसलेली असायचीस. तू खूश व्हायचीस, आई खूश व्हायची, माझं ताट रिकामं. वर्षानुवर्षं तू त्याचे आभार मानत आलीस, माझ्या लग्नात चारचौघांत उभी राहून सांगितलंस, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ते प्रेम नव्हतं असं नाही म्हणणार. पण ते त्यासाठी नव्हतं.

नर्सला फोन करून नवीन फॉर्म भरते म्हणून सांगितलंय. एकच विचारायचंय, आणि खरं सांग. माझ्यातूनच तिच्यात गेलं का?

ताई


२० मार्च

ताई,

पत्र वाचून आधी तुझा राग आला. ती गोष्ट मी माझ्या नवऱ्याला सांगितलीये, मैत्रिणींना सांगितलीये, कुणी दमून रडकुंडीला आलेली विद्यार्थिनी दिसली की तिला सांगितलीये. मग दुसऱ्या दिवशी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. मी दहा वर्षांची होते. तुझं खाऊन मी गुटगुटीत होत गेले आणि तू समोर वाळत गेलीस, आणि मला त्यात फक्त माझे लाड दिसले. मोठी झाल्यावर, या आजारावर काम करायला लागल्यावरसुद्धा, मी मागे वळून पाहिलं नाही. अकरा मुलींच्या पेशी बघत बसले आणि बहिणीकडे पाहिलं नाही.

तुझा प्रश्न. काही गोष्टी रक्तातून येतात, हे दिसतंय. तुझ्यातून तिच्यात काही आलं असेल, तुझ्यातही आपल्या कुणाकडून तरी आलं असेल. पण तेवढ्यावर आजार होत नाही. अजून बरंच काही जमून यावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं आम्हाला माहीतच नाही. डोळ्यांचा रंग दिल्याबद्दल कुणी आईला दोष देत नाही. तू लपवलंस ते मात्र तू केलंस, आणि ते तू आता थांबवलंस.

तुझा नवा फॉर्म आला. चौदा नंबर निरोगींच्या यादीतून काढला. फरक जरा जास्त स्पष्ट दिसतोय, पण प्रमुखबाई म्हणतात, नमुने थोडे आहेत, आत्ताच नाचू नका. त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं की मी तुला पत्र लिहिलं होतं. त्यांनी मला या कामावरून काढून वरच्या मजल्यावर हृदयाच्या पेशींकडे पाठवलंय. बरोबरच केलं त्यांनी. पेशी आता दुसरीच्या हातात आहेत. हात चांगला आहे तिचा.

आता तू डॉक्टरीणबाईंकडे स्वतःसाठी जा. मागाहून नाही.

धाकटी


२ मे

मावशी,

तू आईला सांगितलंस म्हणून मी चिडले होते. अजून थोडी आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, एक दिवस उशीर झाला असता तर मी चिडायला उरले नसते. त्यांना असं बोलायची सवय आहे.

माझा नमुना राहू दे. पंधरा नंबर. नर्सला सांगितलंय.

मी बरी झालेय असं समजू नकोस. रोज सकाळी उठल्यावर तेच ते डोक्यात सुरू होतं, तोच हिशोब. फरक एवढाच की आता मी ते मोठ्याने बोलते आणि समोरचीला ते कळतं. आईचंही नाव त्यांनी दवाखान्यातल्या आमच्या दुपारच्या जेवणाच्या गटात घातलंय. आम्ही सहाजणी, त्यात ती एकटीच मोठी. पहिल्या दिवशी ती सवयीने उठून सगळ्यांना वाढायला लागली. नर्सने तिच्या हातातला चमचा काढून घेतला आणि तिला खुर्चीवर बसवलं. बाबा दाराबाहेर बाकावर थांबतात. आत यायला परवानगी नाही, पण रोज येतात.

अर्ध्या तासात ताट संपवायचं असतं. ज्याचं संपलं त्याने उठून जायचं, असा नियम आहे. काल उकडलेले बटाटे, अंडं आणि पाव होता. माझं सव्वीस मिनिटांत झालं. इतर चौघी उठून गेल्या. आईच्या ताटात अजून अर्धा पाव होता, आणि ती त्याच्याकडे असं बघत होती की मला तिच्या डोक्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

नर्स मला म्हणाली, "तू जाऊ शकतेस."

मी म्हटलं, "आईचं व्हायचंय अजून."

आणि बसून राहिले.

भिंगरी